बासन, बस्ता आणि वाकळ

दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी नवी चोपडी पाटावर मांडली जाते, तेव्हा सर्वांची दृष्टी तिच्या पहिल्या पानावरील स्वस्तिकाकडे आणि श्रीकाराकडे असते. ज्या लाल खारव्याने ती मढविलेली असते, ज्यावर पांढऱ्या जाड दोऱ्याचे टाके उभे-आडवे घातलेले असतात, त्या कापडाकडे कोणी निरखून पाहत नाही. आणि वर्ष सरल्यावर जुनी चोपडी ज्या फडक्यात बांधून माळ्यावर जाते, त्याकडे तर मुळीच नाही. आपल्या सभासदांपैकी पुष्कळांचा धंदा कापडाचा आहे. पन्हा, पोत, रंग, काठ यांची पारख आपल्याला आहे. तथापि बांधण्याचे कापड हे आपल्या दुकानातील एकमेव असे कापड की ज्याची पारख आपण कधी केली नाही. त्याविषयी चार गोष्टी या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडाव्यात असे योजिले आहे.

आपल्या भाषेने मात्र या कापडाची आठवण चांगली ठेवली आहे. ‘प्रकरण बासनात गुंडाळले’ असे आपण म्हणतो, ते काम बंद पडले या अर्थाने. वस्तुतः बासन म्हणजे पोथ्या-कागद जपून ठेवण्याचे वस्त्र. बासनात गुंडाळलेली गोष्ट टाकून दिलेली नसे, सांभाळलेली असे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद ज्या कापडात बांधलेले असत त्यास रुमाल म्हणत, आणि पुढे रुमाल हेच त्या कागदांचे माप झाले. इतिहासाच्या ग्रंथांत तळटीप पाहावी तर ‘रुमाल क्रमांक अमुक’ असा हवाला दिसतो. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात त्या दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध केले. ती सारी सामग्री अशा रुमालांच्या गाठी सोडूनच बाहेर आली. राजस्थानातील जैन शास्त्रभांडारांच्या ग्रंथसूच्या चाळल्या तर तेथे प्रत्येक पोथीच्या नोंदीत ‘वेष्टन संख्या’ दिलेली आढळते. ग्रंथ कोणत्या कपाटात आहे यापेक्षा तो कोणत्या वस्त्रात आहे, ही त्याची खूण.

आणि बस्ता? त्या शब्दावर तर आपली दुकाने चालली. मूळ फारसी शब्दाचा अर्थ ‘बांधलेले’ एवढाच. लग्न ठरले की दोन्हीकडची मंडळी दुकानात येत, सकाळपासून दुपारपर्यंत बैठकीवर लुगडी, शालू, खण, धोतरे, उपरणी यांचा ढीग पडे, मानपानाची यादी तीनदा वाचली जाई, आणि अखेर एका मोठ्या चौकोनी कापडाच्या चार टोकांत सारे सामावून गाठ मारली जाई, तो बस्ता. गाठ मारण्याचे काम दुकानातील वडीलधाऱ्याचे असे. ती गाठ बसली म्हणजे सौदा पुरा झाला. पुढे उधारी किती राहिली हा प्रश्न निराळा. आज ‘बस्ता बांधणे’ हा शब्दप्रयोग राहिला आहे, बांधणे मात्र राहिले नाही. वस्त्रे कागदी वा प्लास्टिकच्या पिशव्यांतून जातात.

ही बांधण्याची वस्त्रे कोठून येत असत? दुकानातून नव्हे. बासन मागायला आलेले गिऱ्हाईक आमच्या आठवणीत नाही. बासन, बस्त्याचे चौकोनी कापड, भाकरी गुंडाळण्याचे फडके आणि तान्ह्या मुलाचे दुपटे ही सारी घरात, बायकांच्या हातून, एकाच गाठोड्यातील जुन्या कापडातून निघत असत; आणि त्या गाठोड्याचा मोठा धनी म्हणजे वाकळ. म्हणून बासनाची हकिकत वाकळेपासून सांगावी लागते.

बेळगावच्या पश्चिमेस राकसकोपच्या वाटेवर बेळगुंदी हे गाव आहे. सह्याद्रीचा पाऊस तेथे आधी पोचतो आणि उशिरा निघतो. भाताचा मुलूख, पावसाळ्यात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, भिंती घाम धरतात. अशा हवेत एक वाकळ अंगाखाली आणि एक अंगावर ही चैन नव्हे, गरज होती. सुगी आटोपली, भात घरात आले, शेताची घाई सरली, म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी वाकळा शिवायला काढत. आमच्या दुकानी बाजाराच्या दिवशी येणाऱ्या बेळगुंदीच्या बायका कोपऱ्यातील टोपलीत साठविलेले कातरण मागून नेत. खणांचे तुकडे, परकराच्या कापडाच्या पट्ट्या, शिंप्याकडून परत आलेली टोके असा तो माल असे. त्याचे पैसे घेण्याची पद्धत नव्हती. त्या ओळखीने लहानपणी एका उन्हाळ्यात त्या गावी चार दिवस राहण्याचा योग आला आणि वाकळ कशी होते ते जवळून पाहता आले.

प्रथम तळाचे कापड. त्यासाठी धड असलेले धोतर किंवा नऊवारी लुगडे दुहेरी करून सोप्यावर अंथरीत आणि चार कोपऱ्यांवर वजन म्हणून पाटा-वरवंटा, तांब्या, हाताला येईल ते ठेवीत. त्यावर जीर्ण कापडांचे थर. जे फाटले आहे, विटले आहे, ते मध्ये. जेथे विरळ वाटेल तेथे आणखी एक तुकडा. वरच्या थरात मात्र निवड चाले. गुळेदगुड्डच्या खणाचा तुकडा, इरकली लुगड्याचा काठ, शहापूरच्या मागावरचे एखादे जुने पातळ, मुलाच्या सदऱ्याची पाठ. कोणता तुकडा कोठे बसावा यावर एवढी चर्चा होई की दुकानात लग्नाच्या शालूवरही होत नाही. थोरल्या आक्कांनी मान डोलावली म्हणजे तुकडा ठरला.

मग चौघी-पाचजणी चार बाजूंनी बसत आणि आपापल्या बाजूने धावदोरा घालीत आत सरकत. टाक्याच्या ओळीपासून टाक्याची ओळ एका बोटाच्या अंतरावर. या ओळी शोभेसाठी नसतात. त्या थर एकमेकांना धरून ठेवतात, नाहीतर दोन धुण्यांत आतले कापड गोळा होऊन एका कोपऱ्यात बसते. जसजशी शिवण पुढे सरके तसतशा बायका एकमेकींच्या जवळ येत, आणि शेवटी मध्यभागी सगळ्यांच्या सुया एका हातभर जागेत भेटत. त्या वेळी गप्पा थांबलेल्या असत, कारण बोट टोचून घेण्याची भीती. प्रत्येकीचा टाका निराळा: एकीचा तांदळाएवढा, दुसरीचा ज्वारीएवढा, नव्या सुनेचा थोडा वाकडा. वाकळ उलटी करून पाहिली की कोणती बाजू कोणी शिवली हे गावातील कोणीही सांगे. एकटीला महिना लागावा ते काम अशा रीतीने आठवड्यात होई.

हे काम पैऱ्याने चाले. शेतात जसा बैलांचा आणि माणसांचा पैरा, तसाच सोप्यावर सुयांचा. आज माझी वाकळ, पुढल्या आठवड्यात तुझी. कोण कोणाकडे किती दुपारी बसले याचा हिशेब कोणत्याही चोपडीत नव्हता, तरी तो चुकलेला आम्ही ऐकला नाही. जिच्या घरी काम असे तिने चहा आणि चुरमुरे द्यावेत, एवढीच व्यवस्था. मराठा, जैन, लिंगायत अशा निरनिराळ्या घरच्या बायका एकत्र बसत. कोणी त्याला वाकळ म्हणे, कोणी कन्नडात कौदी, आणि बोलता बोलता दोन्ही शब्द एकाच वाक्यात येत. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून या सीमाभागाने भाषेपायी पुष्कळ सोसले आहे. ते दुःख खरे आहे आणि त्याची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण त्या सोप्यावर त्या वादाचा वारा पोचला नव्हता, हेही पाहिले ते सांगितले पाहिजे.

वाकळ पुरी होत आली की उरलेल्या बऱ्या तुकड्यांतून दोन-चार लहान वस्तू निघत. दीड हात चौरसाचे बासन त्यातलेच. त्यात थर दोनच, टाके बारीक, आणि एका कोपऱ्याला नाडी. नाडी लांब असावी लागते. पोथी गुंडाळून तिला दोन वेढे देऊन टोक आत खोचायचे, गाठ मारायची नाही, असा रिवाज. आमच्या आजी निपाणीकडच्या. त्यांच्या माहेरी बस्तीतील शास्त्रांसाठी अशी बासने शिवण्याचा नेम होता आणि त्यासाठी वापरायचे जुने कापड निराळे, सोवळ्याने धुऊन ठेवलेले असे. रेशमाचा तुकडा त्यात चालत नसे. किड्यांना उकळून काढलेल्या सुताने जिनवाणी कशी बांधावी, हा त्यांचा साधा प्रश्न होता आणि आम्हा व्यापाऱ्यांना त्यावर उत्तर नव्हते.

आपल्या जिल्ह्यातच या कलेची आणखी एक शाखा आहे, तिची माहिती शहरातील फार थोड्यांना असते. खानापूरच्या रानात आणि त्यापलीकडे हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आले. कित्येक गुलाम म्हणून आणले गेले. त्यांच्या बायका शिवतात त्या वाकळेस कवंदी म्हणतात. कवंदीची शिवण एका कोपऱ्यापासून निघते, कडेकडेने फिरत आत येते आणि मध्यावर संपते. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे लहान चौकोन बसवितात, त्यांना ‘फुले’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी-नागडी समजतात. सिद्द्यांत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही धर्मांचे लोक आहेत आणि तिन्ही घरांत कवंदी शिवली जाते. 2004 च्या सुमारास अमेरिकन अभ्यासक हेन्री ड्रूवल यांच्या साहाय्याने या स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली आणि 2011 मध्ये न्यूयॉर्क येथे कवंदींचे प्रदर्शन झाले. सिद्द्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा प्रथम 2003 मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यापुरता मिळाला. बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतील सिद्द्यांना त्यासाठी 2020 पर्यंत थांबावे लागले. खानापुराहून बेळगावास माल घेण्यास येणाऱ्या या भगिनींपैकी कोणी कातरण मागितले असेल आणि आपण काय दिले असेल, हे ज्याचे त्याने आठवावे.

बांधण्याच्या वस्त्राचा सर्वांत मोठा मान मात्र ज्या देशाने राखला तो आपल्यापासून फार दूर आहे. कोरियात अशा वस्त्रास पोजागी म्हणतात. राजवाड्यातील पोजागी निराळी, सामान्य घरातील निराळी. अंथरूण, कपडे, भेटवस्तू, पत्रे, ग्रंथ, लग्नात वरपक्षाकडून जाणारे लाकडी हंस, सारे काही पोजागीत बांधण्याची तेथील रीत. जेवणाच्या पाटावर झाकण्याची पोजागी आतून तेलकट कागदाने मढवीत आणि मध्यभागी उचलण्यासाठी कापडाची मूठ ठेवीत. नाजूक वस्तूंसाठी थर घालून धावदोऱ्याने शिवलेली जाड पोजागी असे; ती आपल्या बासनाची सख्खी बहीण शोभेल. कापडाचे माप ते ‘पोक’ने सांगतात, म्हणजे एका पन्ह्याने, जसे आपण सांगतो.

यांतील जी लोकांच्या घरची पोजागी, ती कातरणाची. तिला जोगाकबो असे नाव आहे. कोरियन पोशाखाच्या बाह्या आणि गळे वळणदार कापले जातात, त्यामुळे सरळ पन्ह्याच्या कापडातून निरनिराळ्या आकारांचे तुकडे उरतात. ते तुकडे जोडून चौकोन करावयाचा. येथे व्यापाऱ्याच्या नजरेला एक भेद चटकन दिसतो. आपले लुगडे, धोतर, उपरणे न कापता नेसण्याची वस्त्रे. आपल्याकडे तुकडा उरतो तो बहुधा कापडाच्या म्हातारपणी. त्यांच्याकडे तो कापडाच्या जन्मातच उरतो. म्हणून आपली वाकळ जुन्या, मऊ कापडाची आणि थरांची, तर त्यांची उन्हाळी जोगाकबो नव्या, ताठ कापडाची आणि एकेरी. एकेरी वस्त्राला उलट बाजू झाकण्यास अस्तर नाही, तेव्हा शिवणच अशी घालतात की कच्ची कडा दुमडीत बंद होते आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात. खिडकीत टांगली तर सांधे गडद रेघांसारखे आणि तुकडे रंगीत काचेसारखे दिसतात. हान्सान या गावच्या ‘मोसी’ नावाच्या वनस्पतिजन्य तंतूचे तलम कापड यासाठी विशेष नावाजलेले आहे. ते विणण्याच्या परंपरेस युनेस्कोने 2011 मध्ये आपल्या यादीत स्थान दिले. बांधण्याच्या वस्त्राचे नाव आणि ‘सुख-सौभाग्य’ या अर्थाचा शब्द त्यांच्या भाषेत जवळचे. तेव्हा पोजागीत गुंडाळणे म्हणजे सौभाग्य गुंडाळणे असे तेथे मानतात. टाके जितके अधिक तितके वापरणाऱ्याचे आयुष्य अधिक, अशीही समजूत आहे. शिवणाऱ्या बायकांची नावे कोठेही नाहीत.

या नावे नसलेल्या वस्तूंना वस्तुसंग्रहालयात नेणारा गृहस्थ हो दोंग-ह्वा हा होय. त्याने व त्याच्या पत्नीने लोकांनी टाकून दिलेल्या पोजागी आणि भरतकामाच्या वस्तू आयुष्यभर जमविल्या. 1976 मध्ये त्यांनी सोल शहरी भरतकामाचे संग्रहालय काढले, आणि 2018 मध्ये हजारो वस्तूंचा तो संग्रह नगरीस दान केला. 2021 मध्ये उघडलेल्या सोलच्या हस्तकला-संग्रहालयात तो आता आहे. धनिकाने रत्ने जमवावी यात नवल नाही. फडकी जमविणाऱ्याची दृष्टी निराळी.

जोडवस्त्राचा आदर हा विचार कोरियाला सर्वस्वी परका नाही आणि आपल्याला तर नाहीच. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून केलेले असते, आणि विनयग्रंथांत त्याची कथा आहे: बुद्धांनी मगधातील भाताची बांध घातलेली शेते पाहिली आणि त्या नमुन्याने चीवर करण्यास आनंदाला सांगितले. राजगृहाच्या परिसरातील ती शेते. तेथील विपुलाचलावर भगवान महावीरांची दिव्यध्वनी खिरली, हे आपल्याला सांगावयास नको. बौद्ध धर्माबरोबर ते जोडवस्त्र कोरियापर्यंत पोचले. आपल्या परंपरेत क्षुल्लकांचे ‘खंडवस्त्र’ आहे: डोके झाकावे तर पाय उघडे पडावेत, पाय झाकावेत तर डोके, एवढेच. मुनींना तेवढेही नाही. आर्यिकांना एक पांढरी साडी. वस्त्राचा संग्रह करणारे आपण आणि वस्त्राचा त्याग करणारे आपले गुरू, हे अंतर रोज पाहत असूनही त्याची सवय होऊन जाते.

या संदर्भात आचार्य शांतिसागर महाराजांची आठवण होणे साहजिक आहे. निपाणीजवळच्या भोज गावच्या पाटील घराण्यातील, 1872 चा जन्म. त्यांच्या चरित्रात असे सांगतात की घरी कापडाचे दुकान होते, आणि ते दुकानावर बसले म्हणजे गिऱ्हाइकास म्हणत की कापड तुम्हीच निवडा, तुम्हीच मोजा आणि दाम ठेवून जा. असा दुकानदार पुढे सर्व वस्त्रांचा त्याग करील यात आश्चर्य कसले! पण येथे सांगावयाचे ते दुसरे. मूडबिद्रीच्या बसदीत षट्खंडागमाच्या ताडपत्रावरील प्रती शतकानुशतके बंदिस्त होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी या दोन व्यापाऱ्यांच्या खटपटीने त्यांच्या नकला होऊ लागल्या. 1939 मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला खंड अमरावतीहून छापून निघाला. महाबंधाचा काही भाग मात्र तोवर कीटकांच्या भक्ष्यस्थानी पडला होता. 1944 साली कुंथलगिरीस आचार्यश्रींच्या कानी ही गोष्ट गेली तेव्हा ते व्यथित झाले, आणि हे ग्रंथ ताम्रपटांवर कोरून ठेवण्याची प्रेरणा त्यांनी श्रावकांस दिली. ते काम पारही पडले.

तांब्याला कसर लागत नाही. परंतु प्रत्येक गावच्या बस्तीतील प्रत्येक पोथी काही ताम्रपटावर जाऊ शकत नाही. तिला बासनच हवे.

कोणते बासन, हे आम्हाला आमच्याच चुकीने कळले. काही वर्षांपूर्वी दुकानाची दुरुस्ती निघाली, तेव्हा आजोबांच्या वेळच्या चोपड्या घरच्या माळ्यावर हलविल्या. आजीची तीन-चार जोडतुकड्यांची बासने होती, त्यांत मावल्या तेवढ्या चोपड्या तशाच ठेवल्या. बाकीच्यांसाठी, कापड घरचेच आहे, कंजूषपणा कशाला, म्हणून ठाणातून कोरे करकरीत मांजरपाट फाडून दिले. काही प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून तोंडे घट्ट बांधली. पावसाळा बेळगावचा, सुरक्षित राहतील अशी कल्पना. दोन पावसाळे गेले. उघडून पाहतो तो प्लास्टिकमधल्या चोपड्यांची पाने ओल धरून बुरशीने एकमेकांस चिकटली होती. कोऱ्या मांजरपाटातील चोपड्यांना कसर लागून कापडासकट पानांच्या कडा जाळीदार झाल्या होत्या. आजीच्या बासनांतील चोपड्या जशाच्या तशा! आजोबांचे मोडी अक्षर, कोणाकडे किती बाकी, कोणाला किती सूट, सारे वाचता येत होते. गमावले त्यात 1940 च्या पुढची काही वर्षे होती, ज्या वर्षी कोणी काय फेडले हे आता कोणालाच कळणार नाही.

कारण शोधू गेलो तर ते आपल्याच धंद्यात होते. कोऱ्या कापडाला खळ असते. खळ म्हणजे पिठाची पेज. कसरीला ती मेजवानी. म्हणूनच हस्तलिखितांच्या जतनाचे जाणकार सांगतात की वेष्टनाचे सुती कापड आधी धुऊन खळ पुरी काढावी आणि मगच वापरावे. भारत सरकारने 2003 मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन स्थापन केले, तेव्हापासून ही शास्त्रीय पद्धत ठिकठिकाणच्या ग्रंथभांडारांस शिकविली गेली. प्लास्टिकमध्ये हवा खेळत नाही, आत आलेला दमटपणा आतच राहतो. सुती कापड ओल घेते आणि सोडते. जे लुगडे वीस वर्षे नेसले, शेकडो वेळा धुतले, उन्हात वाळविले, त्यात खळीचा कणही उरलेला नसतो. आजीने जुने कापड घेतले ते काटकसरीसाठी असे आम्ही समजत होतो. तान्ह्या मुलाच्या अंगाला आणि पोथीच्या पानाला तेच कापड मानवते, हे तिला माहीत होते. जे आपण जन्मभर नवे म्हणून विकले, ते जुने झाल्यावरच या कामाच्या योग्यतेचे होते, ही गोष्ट कापडाच्या व्यापाऱ्याने साठी उलटल्यावर शिकावी, याचे थोडे हसू येते.

बंगालमध्ये या ज्ञानाला स्वतंत्र नावच आहे. जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्याने शिवून केलेल्या कांथ्याचा एक प्रकार ग्रंथ गुंडाळण्यासाठी असतो, त्यास ‘बायतन’ म्हणतात. तो शब्द आपल्या वेष्टनाचाच नातलग दिसतो.

सांप्रत स्थिती काय आहे ती सर्वांस ठाऊक आहे. साड्या बहुतेक कृत्रिम धाग्याच्या; त्या जुन्या होतात पण मऊ होत नाहीत, आणि त्यांच्या वाकळेत ऊब राहत नाही, नुसता घाम येतो. कारखान्याची रंगीत ब्लँकेटे स्वस्त मिळतात. बायकांच्या दुपारी मोकळ्या राहिल्या नाहीत. कोणी कामावर, कोणी मुलांच्या शिकवणीच्या मागे. यात दोष देण्यासारखे काही नाही. शिंप्यांचे कातरण पोत्यांत भरून वजनावर विकले जाते आणि यंत्रे पुसण्याच्या कामी लागते. दुसरीकडे कर्नाटकात 2016 पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, आणि 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकण्याच्या कित्येक प्लास्टिक वस्तू देशभर बंद झाल्या आहेत. तरी आपल्या गल्ल्यावर पाहावे तर पिशवी आहेच, फक्त तिचे नाव आणि जाडी बदलली. कापडाच्या दुकानात कापड बांधावयास कापड मिळू नये, हे काही भूषण नव्हे.

ज्येष्ठ शुद्ध पंचमी, श्रुतपंचमी, हा आचार्य पुष्पदंत व भूतबली यांच्या षट्खंडागमाच्या पूर्णतेचा दिवस. त्या दिवशी शास्त्रे बाहेर काढून, झाडून-पुसून, ऊन देऊन नवी वेष्टने घालण्याची प्रथा आहे. श्वेतांबर बांधवांत तेच कार्य कार्तिक शुद्ध पंचमीस, ज्ञानपंचमीला होते. हल्ली पुष्कळ ठिकाणी बाजारातून आणलेली तयार, चमकदार, जरीची वेष्टने घातली जातात. ती कोणत्या धाग्याची आहेत हे कापड-व्यापारी असलेल्या विश्वस्तांनी तरी बोटांनी चोळून पाहावे. त्यापेक्षा सुती कातरण वर्षभर निराळे साठवून, धुऊन, चैत्र-वैशाखाच्या दुपारी भगिनींनी बस्तीच्या सोप्यावर चौघी-चौघी बसून बासने शिवावीत, अशी आमची सूचना आहे. बेळगुंदीसारख्या गावांत वाकळेचा हात असलेल्या आज्या अजून आहेत. त्यांना मानाने बोलवावे, त्यांच्या दुपारीचे योग्य मोल द्यावे. पैरा आता चालणार नाही, हे आम्ही जाणतो.

आमच्या घरी आजीचे जे एक बासन सर्वांत धड उरले आहे, ते या लेखासाठी पुन्हा एकदा उलगडून पाहिले. मध्यभागी आजोबांच्या धोतराचा चौकोन. एका बाजूस हिरव्या खणाची पट्टी, ती आत्याच्या बारशाची असावी. दुसऱ्या बाजूस लाल खारवा, कोणत्या तरी जुन्या चोपडीच्या पाठीचा. त्यावर पूर्वीच्या टाक्यांची भोके दिसतात. अस्तर म्हणून पिठाच्या पोत्याचे कापड लावले आहे, आणि त्यावर गिरणीचा निळा शिक्का अजून ओळखू येतो, उलटा. टाके तीन हातांचे आहेत. दोन बारीक आणि सरळ. तिसरे मोठे, वाकडे, एका कोपऱ्यात चार ओळींपुरतेच; थोरल्या बहिणीने पाहताच सांगितले की ते तिचे, आठव्या वर्षीचे, आणि आजीने ते उसवून पुन्हा घातले नाहीत. त्यात 1938 ची चोपडी परत गुंडाळली, नाडीचे दोन वेढे दिले आणि टोक आत खोचले.